हातानं मागं फिरणारा गिअरबॉक्स

यल्लाप्पा जॉबरच्या खाकी पिशवीत पान्यांबरोबर हातभर लांबीची एक सागवानी पट्टी असायची. मशीन बिघडलं की तो पट्टीचं एक टोक गिअरच्या झाकणावर टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. बेळगावच्या शहापुरातल्या यंत्रमागांच्या कारखान्यांत शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. त्या खडखडाटात हा माणूस एका चाकाचा एक झिजलेला दात ऐकत असे. "तिसरं चाक काढा," म्हणायचा. चाक काढलं की दात गेलेला असायचाच.

जॉबर म्हणजे माग जुळवणारा आणि दुरुस्त करणारा. यल्लाप्पा चौथी शिकलेला. कागदावर त्यानं कधी काही मांडलं नाही. मांडायचं ते खडूनं मशीनच्या अंगावर, आणि काम झालं की फडक्यानं पुसून टाकायचं.

आम्ही त्याचे शेजारी झालो ते बहात्तर साली. मी मूळची निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत, वडील तिथेच हमाल. त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी सातवीत होते. लग्नानंतर बी. ए. आणि बी. एड. केलं आणि बेळगावात शिक्षिकेची नोकरी लागली, पण घर मिळेना. लोक नाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, मग 'कळवतो' म्हणायचे. यल्लाप्पाची माझी ओळख एवढीच, की मी त्याच्या दारावरून घर शोधत दोनदा गेले होते. तिसऱ्यांदा त्यानं मला थांबवलं आणि आपल्या घरमालकाला हाक मारली. "शाळंच्या बाई हाईत. ल्हान पोरगी हाय. आनि काय बगायचं असतंय तुमास्नी?" मालकानं किल्ली काढली. दोन खोल्या मिळाल्या.

माझे यजमान चिंतामणी चिकोडीच्या तालुका कचेरीत होते. ते शनिवारी येत आणि सोमवारी जात. त्यामुळे आठवडाभर घरात मी आणि माझी मुलगी प्रमोदिनी. भिंतीपलीकडे यल्लाप्पा आणि त्याची बायको सोनुबाई. त्यांना मूल नव्हतं.

सोनुबाईच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलेलं होतं. तो हात ती पदराखाली ठेवायची. आम्ही राहायला येण्याच्या आदल्या वर्षी, ती बीम, म्हणजे मागावर चढवायचा ताण्याच्या सुताचा रूळ, भरायच्या मशीनवर कामाला असताना, हे झालं. कारखान्याच्या मालकानं त्या मशीनला नवा गिअरबॉक्स आणला होता, वर्मचा. वर्म म्हणजे आटे पाडलेला जाड दांडा. त्याच्या आट्यांत एक चाक अडकवलेलं असतं. दांडा फिरला की चाक फिरतं. पण चाकाला धरून कितीही जोर लावला तरी दांडा काही फिरत नाही. मोटर बंद झाली की सगळं जिथल्या तिथे गच्च. मालकाला तेच हवं होतं, कारण जुन्या मशीनवर बीम मागे सुटून सूत सैल व्हायचं. यल्लाप्पानंच तो गिअरबॉक्स बसवला. तीन आठवड्यांनी सोनुबाईचा पदर रोलरमध्ये गेला आणि पदराबरोबर हात गेला. यल्लाप्पा चार पावलांवर होता. त्यानं त्याच क्षणी खटका पाडला. मशीन थांबलं. पण थांबलं ते थांबलंच. जुनं मशीन असतं तर चाक हातानं मागे फिरवून हात सोडवता आला असता. हे फिरेना. चार बोल्ट खोलून गिअरबॉक्स उतरवावा लागला, आणि त्यातला एक बोल्ट त्यानं स्वतःच इतका आवळलेला होता, की पाना घसरत राहिला.

हे मला सोनुबाईनं सांगितलं. यल्लाप्पा त्याविषयी कधी बोलला नाही. तेव्हापासून त्यानं कुठल्याही मशीनला वर्म बसवला नाही एवढंच. दोन मालकांची कामं त्यासाठी सोडली.

प्रमोदिनी या माणसाच्या ओट्यावर वाढली. पुढे ती इंजिनिअरिंगला गेली, मेकॅनिकलला. तिच्या वर्गात ती एकटीच मुलगी. चिंतामणींना ते फारसं पसंत नव्हतं आणि मला सतत धास्ती असायची. वर्कशॉपचा दिवस असला की मी तिची वेणी स्वतः घट्ट घालून वर बांधायची, ओढणी घरी ठेवून घ्यायची. ती हसायची. "आई, तिथे मुलांना लेंग्याच्या नाड्या बांधायला कोणी येत नाही."

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर ती एक कागद घेऊन आली. हुबळीला जानेवारीत इंजिनिअरिंग कॉलेजांची स्पर्धा होती, यांत्रिक हात बनवण्याची. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा दोन फूट लांबीचा हात. त्यानं जमिनीवरचं एक किलोचं वजन उचलायचं, फळीवर ठेवायचं, आणि शेवटच्या फेरीत वजन हवेत उचलून मोटर बंद करायची. मोटर बंद असताना हात तीस सेकंद जागच्या जागी राहिला पाहिजे. पहिल्या येणाऱ्या जोडीला एका मोठ्या कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर म्हणून घेणार होते. त्या काळी अशा जागांच्या जाहिरातीत खाली एक ओळ असायची: स्त्रियांनी अर्ज करू नयेत. या कागदावर ती ओळ नव्हती.

शनिवारी चिंतामणी आले तेव्हा तिनं त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"जिंकलीस तर जा," ते म्हणाले. "नाही जिंकलीस तर बँकेची परीक्षा द्यायची. मग वाद नको."

"वाद नाही अण्णा," ती म्हणाली.

तिच्या जोडीला आनंद नावाचा वर्गमित्र होता. हाताचा सांगाडा त्यांनी सायकलच्या नळ्यांचा केला. अडलं ते मोटरवर. एका रविवारी दोघं जुन्या बाजारातून तीन मोटरी घेऊन आली आणि थेट यल्लाप्पाच्या ओट्यावर बसली.

पहिली टेपरेकॉर्डरची मोटर, आगपेटीएवढी. यल्लाप्पानं तिचा दांडा दोन बोटांत धरला आणि चालू करायला सांगितलं. मोटर नुसती गुणगुणली.

"ही गानं म्हनंल. वजन उचलाय न्हाय जमायचं."

दुसरी ट्रकच्या वायपरची. तिच्या पोटातच गिअर असतो, त्यामुळे ती हळू फिरते आणि जोर मोठा. यल्लाप्पानं हाताला फडकं गुंडाळून दांडा मुठीत धरला. मोटर चालू होताच त्याची मूठ मनगटासकट वळली.

"आगागा! हिच्यात दम हाय."

"आमच्या सरांनी हिच्यावर चार पानं गणित केलंय आप्पा," आनंद म्हणाला. "त्यांचंही उत्तर हीच."

"मी एका फडक्यात काढलं की रं. सरास्नी सांग, कागद वाचवा."

ती मोटर लावून त्यांनी पंधरा दिवस हात चालवला. मग एका संध्याकाळी आतून करकर आवाज आला आणि हात खाली पडला. उघडून पाहिलं तर आतलं चाक फायबरचं, आणि त्याचे दात दाणे काढलेल्या मक्याच्या कणसासारखे झालेले. काच पुसायला पुरणारं चाक वजन उचलायला पुरलं नाही. दुसरं चाक बसवावं तर तसलंच मिळणार.

राहिली तिसरी, जुन्या जीपच्या पंख्याची. साधा दांडा, गिअर नाही, मिनिटाला अडीच हजार फेरे. "ही लई पळती," यल्लाप्पा म्हणाला. "पळनाऱ्याला पाठीवर वज्जं देऊन चालवायचं आसंल तर मदी गिअर पायजे, त्यो बी पितळी चाकाचा."

प्रमोदिनीनं त्याच्यासमोर आकृती पसरली. मोटरचे दोनशे फेरे म्हणजे हाताचा एक फेरा. त्यासाठी एक चाकांची जोडी, आणि एक वर्म, एका आट्याचा, म्हणजे दांड्याभोवती एकच आटा शेवटपर्यंत वळत गेलेला. एका आट्याचा वर्म कधीच मागे फिरत नाही. तीस सेकंदांची अट त्याशिवाय पुरी होणार नव्हती.

यल्लाप्पानं आकृतीवरच्या त्या दांड्यावर बोट ठेवलं. "ह्यो वर्म?"

"हो."

"वर्म मी करत न्हाय."

"आप्पा, मला माहीत आहे. पण हे एवढंसं आहे. एक किलो."

"बोट बी एवढंसंच असतंय," तो म्हणाला आणि पिशवी घेऊन कामाला निघून गेला.

ती आनंदला घेऊन उद्यमबागेतल्या दोन वर्कशॉपांत जाऊन आली. एकानं मार्चमधली तारीख दिली. दुसऱ्यानं आनंदशीच बोलत राहून तिला पाणी हवंय का विचारलं. डिसेंबर निम्मा संपला होता. ती जेवतानाही आकृतीच बघत असायची.

एके दिवशी शाळेतून लवकर आले आणि भिंतीपलीकडे गेले. यल्लाप्पा दुपारचा घरी जेवायला आला होता. सोनुबाईनं माझ्यासाठी चहा टाकला. भांडं डाव्या हातानं धरून ती ते उजव्या मनगटावर तोलत होती, आणि माझी नजर तिथून हटेना. मी नुसतं 'करून द्या' म्हणायला गेले होते, आणि तोंडून त्यापुढचंही निघालं.

"यल्लाप्पा, तुम्ही केलं नाही तर ती कुठूनतरी करून आणेल. त्यापेक्षा तुम्हीच करा. फक्त तिचा हात आत सापडला तर सुटेल असं काहीतरी करा."

तो भात कालवायचा थांबला. "सुटायचं आसंल तर त्यो वर्म न्हवं, बाई."

"ते मला कळत नाही. तुम्हाला कळतं."

सोनुबाई म्हणाली, "बाईंनी कंदी काय मागिटलं न्हाय तुमाला. बगा की काय हुतंय का."

दहा दिवसांनी त्यानं गिअरबॉक्स आणून दिला. शेंगदाण्याच्या डब्याएवढी बिडाची पेटी, झाकण बोल्टनं आवळलेलं, आत वंगण भरलेलं. प्रमोदिनीनं एका बाजूला खडूची खूण केली आणि मोटरकडचा दांडा हातानं फिरवत मोजायला लागली. आनंद एकशे चाळीसच्या पुढे चुकला. "तुला इंजिनिअर कुणी केला रं?" म्हणत यल्लाप्पानं त्याला पहिल्यापासून मोजायला लावलं. बरोबर दोनशे फेऱ्यांना दुसऱ्या बाजूचा दांडा एकदा फिरला. मग हाताला जोडून वजन उचललं, मोटर बंद केली. तीस सेकंद झाले, साठ झाले. हात हलला नाही.

"आप्पा, केलात की वर्म!" ती म्हणाली. "उघडून दाखवा ना."

"उघडलं की वंगान गळतंय. आता न्हाय उघडायचं."

यल्लाप्पाचं काम उघडून तपासायचं हे तिच्या मनातही आलं नसतं. ती हात घेऊन कॉलेजला गेली.

मग यल्लाप्पा आमच्या दाराशी आला. मी उंबऱ्याशी उभी होते.

"बाई, तुमी म्हनलासा म्हनून केलंय. वर्म चार आट्यांचा हाय, जुन्या कांडी मशीनचा. त्यो फेरे कमी उतरवतोय, म्हनून चाकं वाढवून दोनशेचं गनित बसवलंय. मोटर बंद करून जोर दिला की मागं फिरतंय. बोट सापडलं तर निगंल."

"आणि वजन?"

"धरलं की. बगितलासा न्हवं? नवं हाय, गच्च बसलंय." मग थोडं थांबून म्हणाला, "पोरीला सांगिटलं न्हाय मी. ती म्हनंल, एकच आटा पायजे."

"नका सांगू," मी म्हणाले.

त्या दिवसापासून स्पर्धेपर्यंत मी जरा निश्चिंत होते. माझ्या मुलीच्या हाताची काळजी घेणारं काहीतरी त्या पेटीत आहे, एवढंच माझ्या डोक्यात. ती अटीच्या आड येईल का, हा विचार मनात आला की मी तो तीस सेकंद पाहिल्याच्या आठवणीनं दाबून टाकत असे.

जानेवारीत आम्ही चौघं रेल्वेनं हुबळीला गेलो. दोन पोरांबरोबर कोणीतरी मोठं हवं म्हणून मी, आणि काही बिघडलं तर म्हणून यल्लाप्पा. हात गोणपाटात गुंडाळून फळ्यांच्या खोक्यात घातला होता. लोंढ्याला गाडी बदलताना हमालानं विचारलं, "काय हाय आत?" यल्लाप्पा म्हणाला, "हात हाय एक." हमालानं खोकं खाली ठेवून दिलं. प्रमोदिनी इतकी हसली, की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. तिला एवढी मोकळी हसताना मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सरावाच्या आणि दोन खऱ्या फेऱ्या झाल्या. दुसऱ्यांचे हात अडकत होते, वजनं निसटत होती. हिचा हात एका चालीत खाली जाई, वजन उचली, फळीवर ठेवी. कारखान्याकडून आलेले एक इंजिनिअर परीक्षक होते. त्यांनी तिला आकृती मागून घेतली आणि बराच वेळ पाहिली. "मोटर कशी निवडली?" त्यांनी विचारलं. तिनं तिन्ही मोटरींची हकीकत सांगितली. ते मान डोलवत होते. दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीत सहा जोड्या उरल्या. त्यांत ती होती.

शेवटच्या फेरीआधी चहाची सुट्टी होती. प्रमोदिनी आणि आनंद चहाला गेले. यल्लाप्पानं पिशवीतून पट्टी काढली, हात रिकामाच वर-खाली करायला एका मुलाला सांगितलं आणि ऐकत उभा राहिला. मग त्यानं पट्टी खाली घेतली आणि मोटर बंद करून हाताचं टोक तळव्यानं दाबलं. हात हळूच खाली गेला.

तो माझ्याकडे आला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"बाई, मोकळा झालाय. दोन दिस फिरून फिरून वंगान पातळ झालंय, दात बसल्यात. वजन धरायचा न्हाय."

"थोडासा?"

"थोडासा न्हाय." त्यानं मंडपाच्या टोकाकडे पाहिलं. प्रमोदिनी तिथे त्या परीक्षकांशी बोलत होती. तिनं हातानं काहीतरी मोठं दाखवलं आणि ते हसले. "सांगू काय पोरीला? येळ हाय अजून. पाव तास हाय."

मला तेव्हा काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. ती घाबरेल असं वाटलं. आम्ही दोघांनी तिच्यापासून लपवलं हे तिला त्या गर्दीत, त्या माणसांसमोर कळेल असं वाटलं. बहुतेक यांतलं दुसरं जास्त वाटलं असावं.

"आता नको," मी म्हणाले. "घाबरली तर होतंय तेही बिघडेल. राहू दे."

"बाई, धरायचा न्हाय त्यो."

"कदाचित धरेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग "तुमी आई हायसा," एवढं म्हणाला आणि खुर्चीवर जाऊन बसला. पट्टी त्यानं मांडीवर आडवी ठेवली होती.

हातानं वजन उचललं. अगदी सरळ, न थरथरता. शिट्टी झाली आणि आनंदनं खटका पाडला. परीक्षक मोठ्यानं आकडे म्हणू लागले, सगळा मंडप त्यांच्याबरोबर म्हणू लागला. सात. आठ. नऊला हाताचं टोक बोटभर खाली आलं. प्रमोदिनी पुढे वाकली. दहा, अकरा. मग हात आपणहून खाली जाऊ लागला, सावकाश, कुणी बशी ठेवावी तसा, आणि वजन टेबलाला टेकलं. मोजणारे थांबले.

प्रमोदिनी तिथेच उभी होती. ती गिअरबॉक्सकडे बघत होती. तिच्या तोंडावर रडू नव्हतं. गणित जुळत नाही तेव्हा ती लहानपणी असंच बघायची.

परीक्षक तिच्याजवळ आले. "मोटर उत्तम निवडलीत," ते म्हणाले. "गिअरबॉक्सची निवड चुकली." पहिला क्रमांक हुबळीच्याच दोन मुलांना मिळाला. त्यांचा हात ओबडधोबड होता, पण तीस सेकंद हलला नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी, मी तिच्या शेजारी, यल्लाप्पा समोर. आनंदला झोप लागली होती. धारवाड मागे पडल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"थोडं आधी जरी कळलं असतं ना. सायकलच्या ब्रेकचं रबर दांड्याला लावून दाबून धरलं असतं. बाहेर पन्नास सायकली उभ्या होत्या. पाच मिनिटांचं काम."

यल्लाप्पानं तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी ती गिअरबॉक्स घेऊन त्याच्या ओट्यावर गेली. मीही गेले. तिनं बोल्ट काढले, झाकण उचललं, दांड्यावरचं वंगण फडक्यानं पुसलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं आट्यांची तोंडं मोजली.

"चार," ती म्हणाली. "आप्पा, हा चार आट्यांचा आहे."

"व्हय."

"चुकून घातलात?"

"न्हाय."

सोनुबाई दारात उभी होती. "त्यास्नी अडकून बसनारं काय चालत न्हाय, पमा," ती म्हणाली. "तुला ठावं हाय ते."

"माहीत आहे मावशी. म्हणून त्यांनी शेवटपर्यंत 'नाही' म्हटलं असतं, तरी मला चाललं असतं." मग ती यल्लाप्पाकडे वळली. "पण हात माझा होता आप्पा. मला विचारायला हवं होतंत."

"तुज्या मावशीचा बी तिचाच हुता," तो म्हणाला. "तिला कोन इचारलं हुतं?"

तिनं झाकण लावलं, बोल्ट आवळले आणि घरी आली. यल्लाप्पानं माझं नाव काढलं नाही. मी तिथेच, हातभर अंतरावर उभी होते आणि मीही काढलं नाही.

त्यानंतर चार-पाच दिवस यल्लाप्पा दिसला नाही. सोनुबाईला विचारलं तर ती आधी काही सांगेना. मग म्हणाली, "हुबळीला गेलते. कामाचा खाडा करून."

तो एकटाच त्या कॉलेजात गेला होता. फाटकावरचा पहारेकरी सोडेना म्हणून दुपारपर्यंत बाहेर बसून राहिला. स्पर्धा भरवणारे प्राध्यापक बाहेर पडले तेव्हा त्यांना गाठून त्यानं आपल्या कानडीत सांगितलं, की चूक माझी आहे, मुलीची आकृती बरोबर होती, तिनं एक आटा सांगितला होता, मी चार घातले. पुरावा म्हणून ती आकृती त्यानं आनंदकडून मागून नेली होती. प्राध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, निकाल लागून गेला. आणि म्हणाले, पेटी उघडून बघायचं काम तिचं होतं.

"ते बी खरंच हाय म्हनत्यात," सोनुबाई म्हणाली. "आल्यापास्नं जेवाय बसत्यात आनि उठत्यात."

"माझ्याविषयी काही?" मी विचारलं.

"तुमच्याविषयी काय सांगनार? तुमी काय केलंय?"

माझं मागणं तिच्यासमोरचंच होतं, पण मंडपातला पाव तास त्यानं तिलाही सांगितला नव्हता.

शनिवारी चिंतामणी आले, येताना बँकेच्या परीक्षेचा अर्ज घेऊन. ते वाईट बोलले नाहीत. उलट प्रमोदिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुष्कळ केलंस." तिनं अर्ज घेतला आणि रविवारी सकाळी जेवणाच्या पाटावर तो ठेवून भरायला बसली. ते आंघोळीला गेले होते. मी भाजी निवडत होते. मी तिला सांगितलं. माझं मागणं, यल्लाप्पाचं दारात येऊन सांगणं, मंडपातला पाव तास, सगळं. भाजीकडे बघत सांगितलं.

तिचं लिहिणं थांबलं.

"आप्पांनी विचारलं होतं, मला सांगू का म्हणून?"

"हो."

"आणि तू नको म्हणालीस."

"हो."

न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"मी आप्पांना त्यांच्या ओट्यावर विचारलं तेव्हा तू तिथेच होतीस."

मी मान हलवली.

"पाव तास पुष्कळ होता, आई," ती म्हणाली. मग तिनं पेन उचललं आणि विचारलं, "जन्मतारीख दाखल्यावरचीच लिहायची ना?"

ती परीक्षा पास झाली. आता चार वर्षं ती बँकेत आहे, सध्या निपाणीच्या शाखेत. माझ्याशी बोलते, पैसे पुरतात का विचारते, माझ्या गुडघ्यांची औषधं आणते. त्या रविवारचा विषय तिनं परत काढला नाही. सुट्टीला बेळगावला आली की बस स्टँडवरून आधी यल्लाप्पाच्या घरी जाते. तिथे दोन-तीन तास असते, मग भिंतीच्या या बाजूला येते. तिथे दोघं काहीतरी करतात. कानशीचा आवाज येतो, यल्लाप्पाचं "हळू गं" येतं, मध्येच सोनुबाईचं हसणं येतं. काय करताय, असं मी विचारलेलं नाही. परवा ती जेवायला बसली तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चिंधी बांधलेली होती, आणि चिंधीवर काळं वंगण. मी वाढत राहिले. बोट किती लागलंय ते मला अजून माहीत नाही.